भोकं भरायची की ठेवायची

पेंटरनं आमच्या जुन्या जावा मोटरसायकलचं मागचं मडगार्ड स्टुलावर पालथं टाकलेलं, एका हातात पाणीपेपर, शेजारी पाण्याचा मग, आणि मान वर न करताच त्यानं विचारलं, "ताई, ही चार भोकं हायत बघा, भरू का ठेवू?" मी म्हटलं थांबा जरा, सांगते. तो म्हणाला काय गडबड नाही, उद्या सांगा, भरायची तर पितळेचं ब्रेझिंग मारून वर लांबी (पुट्टी) लावतो, हात फिरवला तरी कळायचं नाही. आणि मग तो दुसऱ्या कुणाच्या तरी ॲक्टिव्हाच्या साइड पॅनेलकडं वळला. मी घरी आले, स्वयंपाक केला, जेवणं झाली, आणि रात्री आडवं पडल्यावर परत तीच चार भोकं डोळ्यासमोर. दोन डावीकडं, दोन उजवीकडं, आणि चारही सारखी नाहीत, डावीकडचं एक थोडं लंबगोल झालंय, कारण तिथला बोल्ट कायम ढिला व्हायचा.

ही भोकं कंपनीनं पाडलेली नाहीत. अण्णांनी, माझ्या वडिलांनी पाडली.

अण्णा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते, म्हणजे गावाकडच्या भाषेत चिटबॉय. कुणाचा ऊस किती एकरात, लागण कधीची, जात कुठली, ७४० का दुसरी कुठली, हे सगळं रजिस्टरात लिहायचं आणि हंगाम सुरू झाला की तोडीच्या चिठ्ठ्या द्यायच्या. त्यांच्याकडं जावा होती, १९७२ चं मॉडेल, मिरजेच्या एका डॉक्टरकडनं सेकंडहँड घेतलेली. रजिस्टरं पिशवीत भिजायची, खिशातल्या चिठ्ठ्या घामानं ओल्या व्हायच्या, म्हणून त्यांनी पत्र्याची एक पेटी करून घेतली आणि ती मागच्या मडगार्डवर कॅरिअरच्या मागं बसवली, हातड्रिलनं भोकं पाडून, स्वतः. ती पेटी उघडली की आत कागद, शाई, थोडा पेट्रोलचा वास आणि बहुतेक वेळा माझ्यासाठी म्हणून एखादं उसाचं कांडं. गाडी गल्लीत शिरायच्या आधी आवाज यायचा, दोन सायलेन्सरचा तो थांबून थांबून येणारा ठोका, आणि आई चहाचं आधण ठेवायची. लोक येता-जाता त्यांना थांबवून विचारायचे, "अण्णा, आमची तोड कधी?" आणि ते गाडी बंद न करता, पाय टेकून, मागं हात घालून पेटीतनं रजिस्टर काढायचे. म्हणजे ती पेटी ही आमच्यासाठी गाडीचाच भाग होती, टाकी किंवा हँडल असतं तशी. पेटी आता नाही, पुरात गेली. भोकं राहिली.

पुराचं मी नव्यानं काय सांगू, सांगलीत त्या ऑगस्टची गोष्ट प्रत्येक घरात आहे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचं गावभागातलं घर खालच्या मजल्यापर्यंत पूर्ण बुडालं, आम्ही होडीतनं बाहेर पडलो आणि गाडी जिन्याखाली मधल्या स्टँडवर तशीच राहिली. अण्णा त्याआधीच गेले होते, एका परीनं बरंच झालं असं आई म्हणायची. पाणी उतरल्यावर आलो तेव्हा गाडी आडवी पडलेली, स्पोकमध्ये केंदाळ अडकलेलं, टाकीवरचं गुडघ्याचं रबर सुटून कुठं वाहून गेलं ते कळलंच नाही, आणि सगळ्यावर तो बारीक चिकट गाळ, ज्याचा वास महिनोन्महिने जात नाही. धुतली, पुसली, विश्रामबागला बहिणीच्या पार्किंगमध्ये नेऊन ताडपत्री टाकून ठेवली. मग कोरोना, मग २०२१ चा पूर (त्यात गाडी वाचली, आम्हीही बरंचसं सामान वेळेत हलवलं), मग आईचं आजारपण. गाडी तिथंच. भंगारवाले दोनदा विचारून गेले, पुण्याचा एकजण तर फोटो बघून आगाऊ पैसे पाठवायला निघाला होता.

शेवटी मिरजेच्या मिस्त्रींकडं दिली. वय झालंय त्यांचं, आयुष्यभर जावा आणि तिचंच पुढचं नाव येझदी, ह्याच गाड्या केल्या, आता फार काम घेत नाहीत, पण अण्णांची गाडी म्हटल्यावर म्हणाले आणा. इंजिन उघडलं तेव्हा मी मुद्दाम गेले होते. टू-स्ट्रोकला क्रँकची खोली हवाबंद लागते, पिस्टन खाली येताना तिथलाच दाब मिश्रणाला वर ढकलतो, त्यामुळं ऑइल सील गेलं की सगळं गेलं. मिस्त्रींनी केसिंगचे दोन भाग वेगळे केले आणि आत कृष्णेचा गाळ, वाळून काळा पडलेला, क्रँकच्या पाळीला चिकटून बसलेला. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं थोडा खरवडून माझ्या तळहातावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. बेअरिंगांवर गंजाचे ठिपके होते. ती बदलली, सील बदलली, कनेक्टिंग रॉडचं किट टाकलं. बोअर, म्हणजे सिलिंडर आतनं कातून थोडं रुंद, करावं लागणार हे उघडच होतं.

आणि इथंच माझ्या डोक्यात मूळची गाडी म्हणजे नक्की कुठली हा प्रश्न पहिल्यांदा नीट शिरला. मिस्त्री बोलता बोलता म्हणाले की ह्या गाडीचं बोअर मुळात ६५ मिलिमीटर, अण्णांच्या काळात एकदा केलेलं, आता परत, म्हणजे ६६ चा पिस्टन लागेल. मी घरी येऊन हिशेब घातला, स्ट्रोक ७५ चा, म्हणजे कागदावरचं २४८.५ सीसीचं इंजिन आता २५६ च्या पुढं गेलं. प्रत्येक बोअरला सिलिंडरच्या आतला थोडा धातू निघून जातो आणि तो परत येत नाही. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, नवीन ठोकता येतो, पण मग तो लायनर ही गाडी जिथं बनली त्या मैसूरच्या कारखान्याचा नाही. म्हणजे जे लोक "एकदम फॅक्टरी कंडिशन" म्हणतात त्यांच्याही इंजिनात आत डोकावलं तर वर्षं दिसतातच. क्रोमचंही तसंच. जुनं प्लेटिंग उतरवायचं, बफ मारायचा, निकेल, मग क्रोम, पण बफ मारताना अक्षरांच्या कडा बोथट होतात. जावाचा टाकीवरचा लोगो दोनदा बफ केलेला आणि कधीच न केलेला शेजारी ठेवून बघा, लगेच कळतं.

जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदीवाल्यांचा सण असतो. एका वर्षी मीही गेले होते बघायला, तेव्हा आमची गाडी ताडपत्रीखालीच होती. ओळीनं उभ्या मरून टाक्या, क्रोमचे पट्टे, त्यावर हस्तिदंती बारीक रेघ, आणि सकाळच्या उन्हात सगळं असं झगमगत होतं की डोळे दिपले. खरंच सुंदर. एकानं सांगितलं की रबरं थेट चेक रिपब्लिकमधनं मागवली, जावा मूळची तिकडचीच, तिकडं अजून बनतात. दुसऱ्यानं स्पोकचे निपलसुद्धा जुन्या मापाचे शोधून लावलेले. ह्या माणसांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्यांनी नसतं केलं तर १९६१ ते ९६ मैसूरच्या कारखान्यातनं निघालेल्या त्या गाड्या आत्तापर्यंत वजनावर गेल्या असत्या. तरी एक गोष्ट खटकली. त्या गाड्यांवरचा रंग आजचा पीयू (पॉलियुरेथेन), वर लॅकर, आरशासारखा. तसा रंग १९७२ ला कुणाच्याच गाडीला नव्हता. भट्टीत भाजलेला इनॅमल तो, त्याला एक जाड, शांत चमक असायची. मग ही गाडी नक्की कुठल्या सालातली? शोरूममधनं निघाली त्या दिवसाची म्हणावी तर तिथंही चुकतेय, आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य तर पुसूनच टाकलेलं. एक लहान पोरगं सीटवर हात ठेवायला गेलं तर मालक धावत आला. पोराचा चेहरा पडला तो मला अजून आठवतो.

दुसऱ्या टोकाला माझा भाचा. त्याचं म्हणणं होतं मावशी, बॉबर करूया. मागचं मडगार्ड कापायचं, चासीची शेपटी कापायची, एकच सीट, स्प्रिंगवाली, मॅट ब्लॅक, जिकोव्हचा कार्ब्युरेटर काढून मिकुनी टाकायचा म्हणजे सकाळी सकाळी पेट्रोल सांडत बसायला नको. मोबाईलवर त्यानं चित्रही करून दाखवलं आणि चित्र खरंच देखणं होतं, उगाच नाही म्हणणार नाही. वर त्याचा मुद्दा असा की नवीन जावा कंपनी स्वतःच बॉबर विकते, पेराक आहे, बेचाळीस बॉबर आहे, मग आपण केलं तर काय बिघडलं. आणि नवीन जावाला तरी दोन सायलेन्सर कशाला, एकच सिलिंडर, चार स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं इंजिन, दुसरा सायलेन्सर आठवणीसाठीच लावलेला की नाही? ह्या बोलण्याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. आपल्या गाडीत सिलिंडरलाच दोन तोंडं आहेत, म्हणून दोन सायलेन्सर, एवढंच मी सांगू शकले.

कायद्याचं त्याला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. चासी कापली तर सरळ अडकणार. पण मला नाही म्हणायला लावलं ते कायद्यानं नाही. कापलेली शेपटी परत जोडता येते, पण ती जोडलेली राहते, तिच्यावर माणूस बसवायला मिस्त्री तयार होत नाहीत. कार्ब्युरेटर बदलला तर जुना डब्यात ठेवता येतो, उद्या परत लावता येतो. हँडल, सीट, आरसे, सगळं मागं फिरवता येतं. मी तेव्हापासून प्रत्येक कामाला हे एकच विचारते की हे परत फिरवता येईल का? येत असेल तर करू, अगदी नवीन पद्धतीचं असलं तरी. त्या हिशेबानं भाच्याचं म्हणणं मी एका बाबतीत मानलं, हेडलाइटला एलईडी टाकला. सहा व्होल्टचा तो पिवळा मिणमिणता दिवा घेऊन रात्री कोल्हापूर रोडला जायचं म्हणजे जिवाशी खेळ आहे. जुना बल्ब कागदात गुंडाळून ठेवलाय.

पण त्याच भाच्याची स्वतःची गाडी बघा. नव्वदच्या आसपासची आरएक्स हंड्रेड आहे त्याच्याकडं. तो तासगाव भागात द्राक्षबागांचे देठ परीक्षणाचे नमुने गोळा करतो, आणि त्यासाठी त्यानं मागं लोखंडी रॅक करून घेतलाय, त्याच्यावर थंड डबा बसतो, पट्ट्यानं आवळलेला, पुढं मोबाईलचा स्टँड, आणि बागेत चिखल असतो म्हणून मागचा टायर गोट्यांचा. शुद्धतावाले लोक ती गाडी बघून नाक मुरडतात. मी मात्र ती पहिल्यांदा त्या रॅकसकट दारात उभी पाहिली तेव्हा बराच वेळ बघत राहिले. शेतकरी त्याला रस्त्यात थांबवतात, तो पाय टेकून मागं हात घालतो, डब्यातनं रिपोर्टचा कागद काढतो. अण्णांनी हातड्रिल घेतलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं की गाडीचं मूळ रूप बिघडेल का. कामाला लागत होतं म्हणून पाडली भोकं. म्हणजे आमच्या घरात गाडी बदलणारा पहिला माणूस अण्णाच, आणि त्यांचा खरा वारसा चालवतोय तो हा पोरगा, मी नाही. मी फक्त सांभाळतेय. हे लक्षात आल्यावर त्याच्याशी भांडायचा माझा जोर बराच कमी झाला, आणि पेराकच्या मुद्द्यावर आम्ही आता चहा पीत बोलतो.

मिरजेला मिस्त्रींकडं जायचं म्हटलं की मी वाट वाकडी करून सतारमेकर गल्लीतनं जाते. फार लहानपणापासून ती सवय आहे. तलवारींना पाणी देणारे, शस्त्रं घासणारे शिकलगार कारागीर तंतुवाद्यांकडं वळले, त्यातले फरीदसाहेब पहिले, आणि आता त्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ ला जीआय मानांकनही मिळालंय. एका दुकानात जुना तानपुरा दुरुस्तीला आलेला, भोपळा मूळचा, मंगळवेढा-पंढरपूर पट्ट्यातला, रंग उडालेला, आणि कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत बसलेला. कानसनं अगदी हलक्या हातानं एक घास, मग तार छेडायची, कान लावायचा, परत एक घास. मी विचारलं हे किती वेळा करता येतं? म्हणाले घोडी झिजली की घोडी बदलायची, भोपळा कशाला बदलायचा. ह्यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही, त्यांचं लक्ष तारेवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी पेंटरला सांगितलं, भोकं ठेवा, फक्त गंज काढून कडेला प्रायमर नीट मारा. आणि गणपती पेठेतल्या पत्रेवाल्याकडनं पेटी करून घेतली, जुन्या फोटोवरनं माप काढून. तिच्यात आता रजिस्टरं नाहीत, प्लग पाना, सुटे पॉइंट आणि टू-टी ऑइलची बाटली आहे.

रंगाचं मात्र इतकं सोपं झालं नाही. पुढचं मडगार्ड घासताना पेंटरनं फोन करून बोलावलं. पाणीपेपर फिरवत गेला तसे रंगाचे थर कडेकडेनं उघडे पडत होते, सगळ्यात वर अण्णांनी मारलेला निळा, कारण त्या वर्षी कारखान्याच्या जीपला निळा मारला आणि उरलेला डबा मिळाला, त्याखाली काळा, त्याखाली तो खोल मरून, आणि मरूनवर अगदी फिकट, बोटाएवढं, लाल अधिकचं चिन्ह. डॉक्टरांचं. म्हणजे ती गाडी अण्णांच्याही आधी कुणाची तरी होती, रात्री-अपरात्री बायकांच्या बाळंतपणाला, तापाच्या पेशंटला ह्याच चाकांवर कुणीतरी गेलं असेल, आणि त्या घरातल्या मुलांनाही गल्लीत शिरणारा हाच आवाज ओळखीचा असेल. मी इतके दिवस अण्णांची गाडी, अण्णांची गाडी म्हणत होते. पेंटर म्हणाला, "मरून मारू ना? का निळा?" मी म्हटलं निळा जिथं धड आहे तिथं तसाच ठेवा, वर नुसता क्लिअर मारा, जिथं पत्रा उघडा पडलाय तिथंच मरून. तो म्हणाला ताई, तुकडे तुकडे दिसतील, लोक मला नावं ठेवतील. मी म्हटलं माझं नाव सांगा. डॉक्टरांच्या चिन्हावर त्यानं शेवटी फक्त क्लिअर मारलाय, जवळ गेलं तरच दिसतं.

तुकडे दिसतात, खरंय. बहिणीला अजिबात आवडलेली नाही, ती म्हणते एवढे पैसे घातले आणि गाडी जुनीच दिसते.

कागदपत्रांचं शेवटी आलं आणि तिथं तर सरळ दोनच रस्ते समोर ठेवले गेले. २०२१ ला केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले, ५० वर्षांच्या पुढची गाडी, मूळ रूपात, मोठा बदल न केलेली असेल तर तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी, नवीन नोंदणीची फी २० हजार. आमची ५० च्या पुढं गेलीय. एजंट म्हणाला घेऊन टाका, गाडीची किंमत वाढेल. पण त्या नंबरावर गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल-दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मी तिला मंडईत नेणार आहे, हरिपूरला संगमावर नेणार आहे, भाच्याची आरएक्स बंद पडली तर तो ही घेऊन तासगावला जाणार आहे. म्हणून साधंच रिन्यूअल केलं, दंड भरला, पर्यावरण कर भरला. नंबर एमएचच्या आधीचा, तीन अक्षरांचा, त्यामुळं कॉम्प्युटरवर गाडीच नव्हती, त्याची बॅकलॉग एंट्री होईपर्यंत बऱ्याच खेपा झाल्या. इन्स्पेक्शनला साहेबांनी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. पावडर कोटिंग करून चासी आणलेल्यांचे नंबर बुजलेले असतात आणि मग तिथं घासाघीस सुरू होते, मिस्त्रींनी हे आधीच बजावलं होतं म्हणून तेवढी जागा आम्ही हातानं घासून पातळ रंग मारलेला. एकेक आकडा कागदावर उमटला. साहेबांनी कार्ब्युरेटरचं बटण, टिकलर, दाबून बघितलं, बोटाला पेट्रोल लागलं, गिअरचा दांडा आत दाबून वर वळवला आणि स्वतःच किक मारली. म्हणाले, माझ्या मामांकडं होती.

पाच वर्षांची मुदत मिळालीय. मागच्या ब्रेकचे लायनर अजून कच्चे आहेत, उतारावर धरत नाहीत, ते मिस्त्री पुढच्या आठवड्यात बघतो म्हणालेत. गुडघ्याच्या रबराची एकच बाजू मिळाली, डावी, उजवी शोधतेय, कुणाकडं पडून असेल तर घ्यायला मी येईन.